माझी देणगी पगारात गेली तर?

प्रश्न : मी कोथरूडला राहते, शिक्षिका म्हणून निवृत्त झाले. पेन्शनमधून वर्षाला ६०,००० रुपये बाजूला काढून एखाद्या चांगल्या संस्थेला द्यायचं ठरवलं आहे. भाद्रपदात सासूबाईंचं श्राद्ध असतं. त्या दिवशी मुलींच्या वसतिगृहात जेवण द्यावं म्हणून फोन केला, तर ‘त्या आठवड्यात एकही दिवस रिकामा नाही, देणगी दिलीत तर बरं होईल’ असं उत्तर आलं. कपाटभर चांगले कपडे होते, तेही नको म्हणाले. मनाला लागलं. सरकार अनुदान देतं, कंपन्या सीएसआरचे (सामाजिक जबाबदारीचे) पैसे देतात, तरी या संस्थांना सारख्या देणग्या का लागतात? माझे पैसे मुलींच्या पोटात जाण्याऐवजी कर्मचाऱ्यांच्या पगारात गेले तर? अमेरिकेतला मुलगाही यात काही रक्कम घालायची म्हणतो आहे. कुठे आणि कसं द्यावं?
– एक वाचक, कोथरूड

उत्तर : ताई, तुम्हाला वाईट वाटणं साहजिक आहे. पण त्या संस्थेने तुम्हाला टाळलं नाही, खरं तेच सांगितलं. पितृपंधरवडा, दिवाळी, १५ ऑगस्ट, २६ जानेवारी आणि डिसेंबरचा शेवटचा आठवडा या दिवसांत पुण्यातल्या माहितीतल्या वसतिगृहांना आणि वृद्धाश्रमांना अन्नदानासाठी फोनवर फोन येतात. सगळ्यांना हो म्हटलं तर एकाच दिवशी तीन घरांचा स्वयंपाक येऊन पडतो. लागोपाठ चार दिवस श्रीखंड-पुरी आणि गुलाबजाम खाऊन मुलींची पोटं बिघडतात, वृद्धाश्रमात मधुमेहींची साखर चढते आणि संस्थेने आधीच भरून ठेवलेली भाजी सडते. जून लागला की फी, वह्या, गणवेश, पीएमपी बसचे पास हे सगळं एकदम अंगावर येतं आणि तेव्हा मात्र फोन वाजत नाही. मार्चअखेरीस कर वाचवण्यासाठी लोकांनी दिलेले पैसेही तोवर संपत आलेले असतात.

तुमच्या पत्रातला सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न पगाराचा आहे. त्याचं उत्तर हिशेब मांडूनच द्यायला हवं.

२५ मुलींचं वसतिगृह धरा. आकडे नमुन्यादाखल आहेत, प्रत्यक्षात थोडे वरखाली होतील. दर मुलीला रोज ३०० ग्रॅम धान्य म्हटलं तर महिन्याला २२५ किलो लागतं. तांदूळ, गहू, ज्वारी मिळून सुमारे १०,००० रुपये. डाळी-कडधान्यं ४५ किलो, ६,०००. दूध रोज दीडशे मिलिलीटर, म्हणजे महिन्याला ११२ लिटर, ६,७५०. रोजची पाच किलो भाजी, ७,५००. तेल ३,०००. १९ किलोचे तीन व्यावसायिक सिलिंडर, ५,७५०. फळं, नाश्ता, मीठ-मसाला ६,०००. बेरीज ४५,०००. दर मुलीमागे दिवसाला ६० रुपये.

आता बाकीचं. अधीक्षिका २५,०००. रात्रंदिवस तिथेच राहणाऱ्या दोन काळजीवाहक मावशी, प्रत्येकी १५,०००. स्वयंपाकाला दोघी, प्रत्येकी १४,०००. अर्धवेळ समुपदेशक १०,००० आणि अर्धवेळ हिशेबनीस ८,०००. हे झाले १,०१,०००. जागेचं भाडं ४०,०००, वीज आणि पाण्याचे टँकर १५,०००, शाळा, औषधं, सॅनिटरी पॅड आणि प्रवास २०,०००. महिन्याचा एकूण खर्च २,२१,००० रुपये आणि त्यात जेवणाचा वाटा जेमतेम पाचवा.

म्हणजे अन्नदानाने मुलींचं पोट भरतं, वसतिगृह चालत नाही. रात्री दोनला ताप आलेल्या मुलीला रिक्षात घालून ससून रुग्णालयात नेणारी मावशी पगारावर काम करते. दहावीच्या भीतीने गप्प झालेल्या मुलीला बोलतं करणारी समुपदेशकही पगारावरच असते. व्यसनमुक्ती, समुपदेशन, मूकबधिर मुलांना बोलायला शिकवणं अशा कामांत तर माणसाचा वेळ आणि कसब यापलीकडे देण्यासारखं दुसरं काही नसतंच. वर लिहिलेले पगार शहराच्या मानाने कमीच आहेत आणि पुढचा बिघाड तिथूनच सुरू होतो. दोन हजार जास्त मिळाले की मावशी दुसरीकडे जातात. वर्षात तीन मावशी बदलल्या की आधीच घरच्यांना पारखी झालेली मुलगी नव्या माणसाशी बोलणंच सोडते. तुमची देणगी पगारात गेली तर ती वाया गेली असं मानू नका. ती मुलींपर्यंतच पोचलेली असते.

मग सरकारचं अनुदान? पहिली गोष्ट, ते सगळ्यांना मिळत नाही. कित्येक संस्था कोणत्याच योजनेच्या चौकटीत बसत नाहीत. ज्यांना मिळतं त्यांना मान्य संख्येपुरतं आणि मान्य बाबींपुरतं मिळतं. मान्यता २५ ची आणि मुली ३१ असतील तर वरच्या सहा जणींचा भार संस्थेवर. शिवाय ते हप्त्यांनी येतं, बहुधा खर्च होऊन गेल्यावर आणि तपासणीनंतर येतं. किराणावाला आणि महावितरण तोपर्यंत थांबत नाहीत.

सीएसआरचं गणित वेगळं आहे. २०१३ च्या कंपनी कायद्याच्या कलम १३५ नुसार ठरावीक आकाराच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्याच्या २ टक्के रक्कम समाजकार्यावर खर्च करावी लागते. हा पैसा प्रकल्पाला मिळतो, एका वर्षासाठी किंवा फार तर दोन-तीन वर्षांसाठी. कंपनीला दाखवता येईल अशी वस्तू हवी असते : संगणक कक्ष, सौर पॅनेल, रुग्णवाहिका. रुग्णवाहिका मिळते, पण तिचा चालक, डिझेल, विमा आणि टायर कोणी देत नाही. दोन वर्षांनी गाडी दारात उभी राहते. छोट्या संस्थेला तर त्या दारापर्यंतही पोचता येत नाही, कारण प्रस्ताव लिहायला आणि तिमाही अहवाल पाठवायला माणूस ठेवावा लागतो आणि त्या माणसाचा पगार प्रकल्पात धरायला कंपन्या नाखूश असतात.

‘एकदाच मोठा निधी जमवा, ठेवीत टाका आणि व्याजावर चालवा’ हा सल्ला पुण्यात फार मिळतो. वरच्या वसतिगृहाचा वर्षाचा खर्च २६ लाख ५२ हजार. ७ टक्के व्याज धरलं तर त्यासाठी ३ कोटी ८० लाखांच्या आसपास ठेव लागेल. दरवर्षी वाढणारी महागाई त्यात धरलेली नाही. १० लाखांच्या ठेवीचं वर्षाचं व्याज ७०,००० रुपये, महिन्याला ६,००० सुद्धा नाही. त्यात स्वयंपाकीणबाईंचा अर्धा पगारही निघत नाही. कायदाही साठवणुकीला मोकळीक देत नाही. आयकरातून सूट हवी असेल तर धर्मादाय संस्थेला वर्षाच्या उत्पन्नातली ८५ टक्के रक्कम कामावर खर्च करावी लागते. १५ टक्क्यांपेक्षा जास्त शिल्लक ठेवायची तर कारण आणि मुदत आयकर खात्याला कळवावी लागते. कायमनिधीत फक्त तीच देणगी जाते, जिच्यासोबत देणाऱ्याने तसं लेखी दिलेलं असतं. तेव्हा दरवर्षी नव्याने झोळी घेऊन निघणं हे या कामाच्या घडणीतच आहे, गैरकारभाराची खूण नव्हे.

पुण्याला ही रीत नवी नाही. अण्णासाहेब कर्व्यांनी १८९६ मध्ये सुरू केलेला अनाथ बालिकाश्रम वर्गणी मागत घरोघर फिरूनच उभा राहिला आणि हिंगण्याच्या त्याच संस्थेसाठीची ‘भाऊबीज’ ही वर्गणी अजून कितीतरी घरांतून दिली जाते. त्याआधीपासूनची पद्धत म्हणजे वार लावून जेवणं : गरीब विद्यार्थ्याचे सात वार सात घरी लागलेले असत. कुठल्याच घरावर मोठा भार नसे आणि मुलाला सोमवारी कुठे जेवायचं ते रविवारीच ठाऊक असे. संस्थेला तुमच्याकडून असाच वार हवा आहे. वर्षातून एकदा आलेल्या ३६,००० पेक्षा दरमहा ठरलेल्या तारखेला येणारे ३,००० तिच्या जास्त कामाचे, कारण त्यांच्या भरवशावर एखाद्या मावशीला ‘पुढच्या वर्षीही तुम्ही आहात’ असं सांगता येतं.

कपड्यांबद्दल. वापरलेले कपडे घ्यायचे म्हणजे ते निवडायला, धुवायला, मापानुसार लावायला दोन माणसं आणि एक खोली लागते. त्यातून मुलींच्या मापाचे थोडेच निघतात आणि उरलेल्यांची विल्हेवाट लावण्याचं काम संस्थेच्या गळ्यात पडतं. तुमचे कपडे ‘स्वच्छ’ या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या जुने सामान गोळा करण्याच्या उपक्रमात किंवा कपड्यांचंच काम करणाऱ्या संस्थेला द्या, त्यांच्याकडे निवडण्याची यंत्रणा असते. वस्तूच द्यायची असेल तर आधी गरजांची यादी मागा. बहुतेक याद्यांमध्ये सारख्याच गोष्टी असतात : नवे अंतर्वस्त्रांचे जोड मापाप्रमाणे, सॅनिटरी पॅड, शाळेचे मोजे, अंगाचा साबण, फिनेल, सीलबंद तेलाचा डबा, वृद्धाश्रमात मोठ्यांचे डायपर. उघडलेल्या पाकिटातली किंवा मुदत संपत आलेली औषधं कुणालाच देऊ नका.

धान्याची एक चूक नेहमी होते. सोसायटीत घराघरातून वाटी-वाटी तांदूळ गोळा करून एका पोत्यात भरतात. त्यात जुना, नवा, बासमती, इंद्रायणी सगळा एकत्र. शिजवायला घेतला की नव्याचा गिचका होतो तोवर जुना कच्चाच असतो, आणि एका घरच्या तांदळातले सोंडे सगळ्या पोत्यात पसरतात. एकाच प्रतीचं, दुकानातून शिवून आलेलं ३० किलोचं पोतं द्या. त्याहून बरं म्हणजे संस्थेच्या वाण्याकडे त्यांच्या खात्यावर पैसे भरा. संस्था घाऊक भावात आणि हवं तेव्हा माल उचलते.

संस्था निवडताना जाहिरातीकडे पाहू नका, कागद पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम, १९५० खाली नोंदलेल्या संस्थेला धर्मादाय आयुक्तांचा नोंदणी क्रमांक असतो, ‘ई’ किंवा ‘एफ’ अक्षर, आकडा आणि पुढे पुणे. तो पावतीवर छापलेला हवा. मग मागच्या तीन वर्षांचे लेखापरीक्षित हिशेब मागा. परिशिष्ट आठ म्हणजे ताळेबंद, परिशिष्ट नऊ म्हणजे उत्पन्न-खर्च. मागितल्यावर आढेवेढे घेतले गेले तर दुसरी संस्था शोधा.

हे हिशेब वाचताना बरेच लोक एका ठिकाणी फसतात. परिशिष्ट नऊमध्ये ‘आस्थापना खर्च’ आणि ‘विश्वस्त संस्थेच्या उद्दिष्टांवरील खर्च’ अशा वेगळ्या ओळी असतात. मावशींचा किंवा समुपदेशकाचा पगार एक लेखापरीक्षक आस्थापनेत धरतो, दुसरा उद्दिष्टांत. त्यामुळे एका संस्थेचा आस्थापना खर्च ९ टक्के दिसतो, शेजारच्या तितक्याच प्रामाणिक संस्थेचा ४०. टक्केवारी लावून बसू नका, पगाराच्या रकमेत कोण कोण आहे ते विचारा. त्यापेक्षा महत्त्वाच्या खुणा अशा : विश्वस्तांना किंवा त्यांच्या नातलगांना उचल, कर्ज किंवा भाडं दिलेलं आहे का, लेखापरीक्षकाने काही शेरा मारला आहे का, ‘इतर खर्च’ नावाच्या एकाच ओळीत मोठी रक्कम लपली आहे का, हाताशी किती महिन्यांचा खर्च शिल्लक आहे. तीन ते सहा महिन्यांची शिल्लक म्हणजे शहाणपणाचा कारभार. शिल्लक शून्य असेल तर एखादा हप्ता लांबला की पगार थकतात. तीन-चार वर्षांचा खर्च भागेल एवढी रक्कम मोकळी पडून असेल तर ती कशासाठी, हे विचारण्याचा तुम्हाला अधिकार आहे.

कागद पटले की प्रत्यक्ष जा. रविवारी नको, कामाच्या दिवशी, आधी फोन करून, मुली शाळेत असतानाच्या वेळेत. स्वयंपाकघर पाहा, हिशेबनिसांशी बोला आणि ‘गेल्या जूनमध्ये पैसे कमी पडले तेव्हा काय केलंत?’ एवढं विचारा. नेमकं उत्तर देणारी संस्था आपला कारभार ओळखून असते. मुलींचे फोटो काढू नका. बालगृहातल्या मुलांची ओळख उघड होईल असं काही प्रसिद्ध करायला २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ७४ ने मनाई आहे. देणगीदाराच्या हौसेसाठी मुलींना रांगेत उभं करून गाणं म्हणायला लावणारी संस्था तर टाळाच.

सेवासदन (१९०९) किंवा विद्यार्थी साहाय्यक समिती (१९५५) अशा जुन्या संस्था शहराला माहीत आहेत. कमी माहितीतल्या, गावाकडच्या संस्था एकाच ठिकाणी पाहायच्या असतील तर पितृपंधरवड्यात पुण्यात भरणाऱ्या ‘देणे समाजाचे’ प्रदर्शनात एक दुपार काढा. कार्यकर्ते तिथे स्वतः बसलेले असतात, हिशेबाचे प्रश्न तिथेच विचारता येतात.

तुमचे ६०,००० बारा संस्थांना ५,००० असे वाटू नका. प्रत्येक देणगीदारामागे पावती, विवरणपत्रातली नोंद, आभाराचं पत्र हा खर्च असतो. आमचं म्हणणं असं : एका संस्थेला दरमहा ३,०००, दुसऱ्या लहान संस्थेला दरमहा १,०००. हे झाले ४८,०००. उरलेले १२,००० हातात ठेवा आणि जूनच्या पहिल्या आठवड्यात त्यांच्यापैकी जिला जास्त गरज असेल तिला द्या. पेन्शन जमा झाल्यानंतरची, म्हणजे ५ ते ७ तारीख ठरवून बँकेत स्थायी सूचना द्या किंवा यूपीआयचं ऑटोपे लावा. सोबत एका ओळीचं पत्र : ‘ही देणगी संस्थेच्या सर्वसाधारण खर्चासाठी आहे.’ ‘फक्त जेवणासाठी’ असं लिहिलंत तर त्या पैशातून विजेचं बिल भरता येत नाही. श्राद्धाच्या दिवशी मुलींना सासूबाईंच्या नावाने जेवण मिळावं ही इच्छाही ठेवा. दिवसाच्या जेवणाची रक्कम भरून तारीख संस्थेला ठरवू द्या, जुलैतला एखादा साधा मंगळवारही चालेल. त्या दिवशी नेहमीचाच वरण-भात-भाजी-पोळीचा स्वयंपाक आणि वर एखादं फळ असू द्या.

पैसे पाठवल्यावर त्याच दिवशी नाव, पत्ता, पॅन आणि व्यवहार क्रमांक संस्थेला कळवा. यूपीआयने आलेली रक्कम कुणाची हे कळलं नाही तर पावती निघत नाही. निनावी देणग्या एकूण देणग्यांच्या ५ टक्के किंवा १ लाख रुपये, यातल्या मोठ्या रकमेच्या वर गेल्या तर वरच्या भागावर धर्मादाय संस्थेला ३० टक्के कर बसतो.

करसवलतीवर फार विसंबू नका. देणगीवर मिळणारी आयकरातली ८०जीची वजावट बहुतेक संस्थांच्या बाबतीत देणगीच्या ५० टक्के, तीही उत्पन्नाच्या १० टक्क्यांच्या मर्यादेत, आणि फक्त जुन्या करप्रणालीत मिळते. नवी प्रणाली निवडली असेल तर काहीच नाही. २,००० रुपयांच्या वरच्या रोख देणगीला आणि वस्तूंना ती लागू नाही. संस्था ३१ मेपर्यंत विवरणपत्र भरते आणि तुम्हाला देणगीचं प्रमाणपत्र, म्हणजे फॉर्म १०बीई, मिळतं. नुसत्या पावतीवर वजावट मागू नका. २०२५ च्या आयकर कायद्यात कलमांचे क्रमांक वेगळे आहेत, त्यामुळे कागदावर ८०जीऐवजी दुसरा आकडा दिसला तर गोंधळू नका.

राहिला मुलगा. त्याचा पासपोर्ट अजून भारतीय असेल तर त्याने स्वतःच्या कमाईतून बँकेमार्फत पाठवलेली देणगी विदेशी मानली जात नाही, कोणतीही नोंदणीकृत संस्था ती घेऊ शकते. संस्थेने पासपोर्टची प्रत मागितली तर द्यावी. त्याने अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं असेल तर ओसीआय (परदेशस्थ भारतीय नागरिक) कार्ड असूनही तो विदेशी स्रोत ठरतो. मग एफसीआरए, म्हणजे विदेशी देणग्यांच्या कायद्याखालची नोंदणी किंवा पूर्वपरवानगी असलेल्या संस्थेलाच देता येतं आणि पैसे तिच्या नवी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या एफसीआरए खात्यातच जावे लागतात. नेहमीच्या खात्यात चुकून आले तर संस्थेची नोंदणी धोक्यात येते. ‘मुलाने आईच्या खात्यात टाकावेत, आईने पुढे द्यावेत’ ही पळवाट कुणी सुचवली तर साफ नाही म्हणा. पहिली रक्कम पाठवण्याआधी त्याने आपलं नागरिकत्व संस्थेला लिहून कळवावं आणि कोणत्या खात्यात भरायचं हे संस्थेकडून लेखी घ्यावं.